दारापुढची ओल

प्राजू, खोल्यांचं भाडं किती ठेवायचं, डिपॉझिट किती महिन्यांचं घ्यायचं, डबा कुणाकडून लावायचा आणि रात्री फाटकाला कुलूप किती वाजता घालायचं, हे तुला कुणीही सांगेल. भंवरकुआंला होस्टेल चालवणारा प्रत्येक माणूस या विषयातला मास्तर आहे, आणि शिकवणी फुकट असते. मी सांगते ते फाटकाबाहेरचं आहे. आपलं फाटक आणि रस्त्याचं डांबर यांच्यामध्ये जी सहा-सात फुटांची पट्टी आहे ना, ओटल्याची पायरी, गाडी चढवायचा उतार, नालीवरच्या फरश्या आणि पुढचा फुटपाथचा तुकडा, तिच्याबद्दल. रजिस्ट्रीच्या कागदात ती तुझी नाही. पण तिथे कुणाचा पाय घसरला की लोक विचारतात, “हे घर कुणाचं?”

परवा तुझा दादा व्हँकुव्हरहून फोनवर कुरकुर करत होता. तिथे म्हणे कॅनडाच्या मानाने हिवाळा अगदी सौम्य, पाऊसच जास्त, बर्फ पडला तर वर्षातून थोडे दिवस. पण पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत घरापुढचा फुटपाथ घरमालकाने साफ करायचा, रविवार असो की सुट्टी. नगरपालिका मुख्य रस्त्यांवरचा बर्फ काढते, फुटपाथवरचा नाही. तो म्हणाला, “आत्या, एवढा टॅक्स भरतो आणि वर फावडं मीच मारू?” मी म्हटलं, मार बाबा. तुझ्या आजोबांनी इंदूरला जन्मभर तेच केलं, फक्त फावड्याऐवजी खराटा होता.

त्याच्याशी बोलताना एक गोष्ट नीट लक्षात आली. जिथे पाच-पाच महिने बर्फ असतो तिथल्या लोकांना त्याची सवय असते. घरात फावडं असतं, मीठ असतं, पायात तसे जोडे असतात, आणि चालही तशी झालेली असते. जिथे तो क्वचित पडतो तिथे यातलं काहीच नसतं. लोक रोजच्या चपलेत रोजच्या वेगाने बाहेर पडतात आणि आपटतात. आपल्याकडचा पहिला पाऊस अगदी असाच. आठ महिने इंदूर कोरडं ठणठणीत, रस्त्यावर धूळ, गाड्यांचं गळलेलं तेल, टायरचा चुरा. जूनमध्ये पहिली सर येते ती हे सगळं धुऊन नेण्याइतकी मोठी नसते, भिजवण्याइतकी असते. त्या अर्ध्या तासात जेवढी पोरं स्कूटीवरून पडतात तेवढी पुढे झडीच्या आठवड्यातही पडत नाहीत, हे मी याच गॅलरीतून बघत आले आहे. तेव्हा पहिला कानमंत्र हा, की तयारी पावसात नाही, पावसाआधी करायची.

आणि आपला भाग चालणाऱ्यांचा आहे. चौराह्याच्या अंगाला १८९१ साली सुरू झालेलं होळकर सायन्स कॉलेज, खंडवा रोडला विद्यापीठ, मध्ये पीएससीचे आणि कसले कसले क्लास. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीहून आलेली मुलं गाडी परवडत नाही म्हणून पायी फिरतात. सहाच्या बॅचला अंधारात निघतात, लायब्ररीतून मध्यरात्री परततात, चालता चालता मोबाइलवर नोट्स वाचतात. टंट्या मामांच्या नावाच्या या चौराह्यावर उड्डाणपूल झाला, गाड्यांची सोय झाली. चालणारे खालीच राहिले. त्यांच्या वाटेतला आपल्या वाट्याचा तुकडा म्हणजे ती पट्टी.

आता तू वकिलासारखी विचारशील, रस्ता निगमचा, नाली निगमची, मग जबाबदारी माझी कशी? रस्ता झाडायला पहाटे सफाई मित्र येतात, कचऱ्याची गाडी गाणं लावून दारात येते, २०१७ पासून देशात आपला पहिला नंबर आहे. हे सगळं खरं. पण झाडू कचरा उचलतो, ओल उचलत नाही. आणि ओल कुठून आली ते बघायचं. आभाळातून पडलं ते सगळ्यांचं. तुझ्या पाइपातून, तुझ्या टंकीतून, तुझ्या गॅलरीतून रस्त्यावर आलं ते तुझं. हा भेद मी मनाने काढलेला नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत कोर्टं पिढ्यान् पिढ्या हेच बघत आली आहेत. आपोआप पडून साचलेल्या बर्फावर कुणी घसरलं तर मालक सहसा सुटतो, पण छपराच्या पन्हळीचं पाणी फुटपाथवर सोडलं, ते गोठलं आणि त्यावर कुणी पडलं, तर सुटत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने तर २०१० साली हा भेदही मोडीत काढला. बर्फ आपोआप पडलेला असो की माणसाने केलेला, जागेच्या मालकाने वाजवी काळजी घेतली का एवढंच बघायचं, असं ठरवलं.

आपल्याकडे बर्फाचा कायदा कशाला असेल? पण रस्त्याकडेच्या मालकाबद्दल सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर १९५१ साली कोसळलं, खाली माणसं गेली. घंटाघर तिथल्या नगरपालिकेच्याच मालकीचं. दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता, असा बचाव झाला. १९६६ साली कोर्टाने सांगितलं की वाहत्या रस्त्यालगत ज्याची वास्तू उभी आहे त्याच्यावर खास जबाबदारी असते. दोष उघड होता की लपलेला, त्याला ठाऊक होता की नव्हता, यावर सुटका नाही. तो खटला पडक्या मनोऱ्याचा, निसरड्या पायरीचा नाही, हे मलाही कळतं. पण तुझा सज्जा, छज्जा, पायरीवरची सैल फरशी आणि भिंतीवरून लोंबणारा एसीचा डबा यांना त्यात जागा आहे. तेवढं ध्यानात ठेव आणि कोर्टाची पायरी चढायची वेळ येऊ देऊ नकोस.

पाण्याचं सांगते, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे.

नर्मदा इथे १९७८ साली आली. जलूदहून, घाट चढवून, विजेवर ओढून. ती येते दिवसाआड, आणि येते तेव्हा प्रत्येक होस्टेलवाला मोटर लावून झोपायला जातो. टंकी भरते, ओसंडते, पाणी भिंतीवरून फुटपाथवर. एवढ्या लांबून आणलेलं पाणी शेजाऱ्याच्या पायाखाली ओतायचं! टंकीत बॉलकॉक आहे, पण त्याचा रबरी वॉशर झिजतो. दिवाळीआधी आणि पावसाआधी एकदा बदलून टाक, प्लंबर नको, मुलांपैकी कुणीही करील. आरओचं फुकट जाणारं पाणी नळीने खिडकीबाहेर सोडलेलं असतं, ते बादलीत घे आणि संडास-बाथरूम धुवायला वापर. एसीची पाण्याची नळी कुठे उघडते ते वर मान करून बघ. वीस खोल्यांपैकी पाच खोल्यांना एसी असला तरी मे महिन्यात खाली कायम ओला पट्टा राहतो. तिथे धूळ बसते, त्याचा चिखल होतो, चिखलात हिरवं धरतं, आणि पावसाळ्याची वाट न बघता भर उन्हाळ्यात पाय घसरायची सोय होते. नळ्या एकत्र जोडून नालीत सोड. कूलरचंही तेच.

मुली गॅलरीत कपडे धुतात. धुवू देत, पण साबणाचं पाणी गॅलरीच्या भोकातून खाली पडतं ते आधी थांबव. साबणाचा फेस आणि गुळगुळीत टाइल एकत्र आली की माणूस पडतोच. कपड्यांसाठी मागची मोरी दाखव, आणि पहिल्याच दिवशी सांग. नियम पहिल्या दिवशी सांगितला तर नियम वाटतो, नंतर सांगितला तर कटकट.

आता शेवाळ. याला तू हिरवा रंग समजू नकोस. हिरवं दिसतं तोवर लोक जपून पाय टाकतात. श्रावण सरता सरता ते काळपट होतं, फरशीसारखंच दिसतं, वर कोरडी पापडी आणि खाली बुळबुळीत. बर्फाच्या मुलखात पारदर्शक बर्फाचा पातळ थर डांबरावर बसतो, तो दिसतच नाही आणि सगळ्यांत जास्त हाडं तोच मोडतो, असं दादा सांगतो. आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे हे काळं शेवाळ. दिसत नाही म्हणून पायाने ओळखायचं. चप्पल काढ, अंगठा फरशीवर दाबून पुढे ढकल. अडखळला तर ठीक, सरकला तर त्याच दिवशी कामाला लाग.

काम असं. उघडीप बघून सकाळी सुरुवात कर. आधी खराट्याने कोरडंच खरवड, जेवढं निघेल तेवढं काढून कचऱ्यात टाक, नालीत लोटू नकोस. मग दहा लिटरच्या बादलीत पावशेर ब्लीचिंग पावडर. आधी थोड्या पाण्यात कालवून गाठी मोड, मग बादली भर. हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल, अंगावर जुने कपडे, कारण शिंतोडा उडाला की कापडाचा रंग जातो. फरशीवर ओत, खराट्याने पसर, आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू दे. लोक इथेच घाई करतात, ओततात आणि लगेच धुतात, मग म्हणतात पावडर भेसळीची. वेळ गेली की ताठ काड्यांच्या ब्रशने घास. फरशीच्या सांध्यांत जास्त घास, शेवाळ तिथूनच परत येतं. मग भरपूर पाण्याने धू आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंना खुर्च्या आडव्या घाल. धुतलेली ओली फरशी ही शेवाळाइतकीच लबाड असते.

एक धोक्याचं सांगते, ते विसरू नकोस. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड कधी घालायचं नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड ‘जोर यावा’ म्हणून लोक त्यात ओततात. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि कोंदट जिन्यात माणूस गुदमरतो. एकटं अ‍ॅसिडही बाहेर नको. आपला ओटला कोट्याचा आहे, कोटा हा चुनखडीचा दगड, अ‍ॅसिड त्याला खातं. फरशी वरून पांढुरकी, खरबरीत होते, तिची छिद्रं उघडी पडतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ अजून जोमाने धरतं.

शेवाळाला सावली आणि ओल दोन्ही लागतात. ओल पावसाळ्यात थांबवता येत नाही, सावली येते. कडुलिंबाची जी फांदी ओटल्यावर झुकली आहे ती दर मे महिन्यात छाटून घे. झाड तोडायचं म्हटलं तर निगमची परवानगी लागते, आणि तोडूही नकोस, मला ते प्रिय आहे. दुपारचं दोन तास ऊन ओटल्यावर आलं तरी निम्मं काम आपोआप होतं.

फरशीबद्दल ठेकेदाराचं ऐकू नकोस. त्याला चमक दाखवायची असते. शेजारच्या गल्लीत नव्या होस्टेलने पायऱ्यांना आरशासारखा ग्रॅनाइट लावला आहे, दिवाळीत दिवे त्यात दिसतात, पावसात माणसं त्यावर दिसतात. राजवाड्याजवळच्या जुन्या घरांचे ओटले बघ, काळा दगड, टाकीच्या घावांनी मुद्दाम खडबडीत ठेवलेला. पिढ्यांच्या पायांनी मधोमध गुळगुळीत झाला असेल, पण कडेला अजून पकड आहे. आपला कोटा बदलशील तेव्हा पॉलिश न केलेला घे, नाहीतर खाचांच्या सिमेंट टाइल. आहे त्या पायऱ्यांच्या कडेला टाकीने तीन-तीन रेघा मारून घे, फारसा खर्च येत नाही. आणि पायरीवर पोतं टाकायची जी पद्धत आहे ना, ती बंद. ओलं पोतं स्वतःच सरकतं, खाली पाय अडकतो तो वेगळाच. पुठ्ठ्याचंही तेच.

गाडी चढवायचा उतार हा इथल्या भांडणांचा मूळपुरुष. प्रत्येकाला आपली गाडी सुखाने चढावी वाटते, म्हणून उतार वाढत वाढत फुटपाथ ओलांडून रस्त्यात येतो. चालणाऱ्याला मग एका घरापुढे चढ, दुसऱ्यापुढे उतार, तिसऱ्यापुढे खड्डा. आडव्या उतारावर ओल आली की पाय बाजूला जातो, आणि बाजूला गेलेला पाय घोट्यात मोडतो. उतार आपल्या फाटकाच्या आत घे. आत जागा कमी पडते म्हणशील, तर एक स्कूटी कमी लाव. निगमची गाडी येऊन ओटले फोडते तेव्हा सगळे हळहळतात, मी नाही हळहळत.

नालीवर सिमेंट ओतून तो भाग कायमचा बुजवू नकोस. उचलता येतील अशा फरश्या किंवा लोखंडी जाळी ठेव, म्हणजे साफ करता येते. २०२० च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात दहा इंचांच्या घरात पाऊस पडला, तेव्हा ज्यांच्या नाल्या बुजलेल्या होत्या त्यांच्या तळघरांतून गाद्या तरंगल्या. आणि झाकलेली पोकळी विसरायची नसते. आपल्यापासून फार लांब नाही, स्नेहनगरकडे बेलेश्वर महादेवाच्या मंदिरात २०२३ च्या रामनवमीला बावडीवर टाकलेला स्लॅब हवन चालू असताना खचला आणि ३६ माणसं गेली. वर फरशी होती, म्हणून खाली विहीर आहे हे लोकांच्या डोक्यातून गेलं होतं. आपल्या मागच्या अंगणात जुनी पाण्याची टाकी बुजवलेली आहे, तिच्या कडेने मी विटांची ओळ लावून ठेवली आहे. ती शोभेसाठी नाही, काढू नकोस.

चेंबरचं झाकण. पाणी तुंबलं की गल्लीतला कुणीतरी शहाणा सब्बल घेऊन येतो आणि झाकण उचलतो, पाणी उतरावं म्हणून. मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर गुडघाभर पाण्यातून पायी घरी निघाले होते. असंच पाणी उतरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये ते गेले. एवढा नावाजलेला पोटाच्या विकारांचा डॉक्टर, घराजवळ आलेला. आपल्या दारापुढचं झाकण कुणी उचलायला आला तर त्याला अडव. अगदीच उचललेलं असेल तर तिथे उभी राहा, किंवा माणूस उभा कर. बांबू रोवून लाल कापड बांध, रात्री असेल तर टॉर्च लटकव. “मी नाही उघडलं” एवढं म्हणून घरात जायचं नाही.

सणांचंही पायाखालीच येतं. दिवाळीला ओटल्यावर पणत्या लावायच्या, हौसेने लाव, पण पायरीच्या मधोमध नको, कठड्यावर. तेल सांडलं तर पाण्याने धुवायला जाऊ नकोस, ते पसरतं. आधी राख नाहीतर लाकडाचा भुसा टाकून शोषून घे, झाडून काढ, मग साबण. रांगोळी जाण्यायेण्याच्या वाटेतून जरा बाजूला. कोरडी रांगोळी गुळगुळीत फरशीवर पावलाखाली गोल गोल फिरते, नऊवारी नेसलेल्या बायका तिच्यावरून घसरलेल्या मी पाहिल्या आहेत. रंगपंचमीला पोरं राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून रंगात न्हाऊन येतात आणि फाटकापाशीच बादल्या उपड्या करतात. त्या संध्याकाळी मुलांच्याच हातात खराटा दे. कुरकुरतात, पण धुतात, आणि पुढच्या वर्षी बादली मोरीत उपडी करतात.

चिखल झालाच आणि धुवायला वेळ नाही, तर बारीक रेती पसर. एक घमेलं रेती जिन्याखाली कायम भरून ठेव. दादाकडेही बर्फावर मीठ मारतात, नाहीतर रेती. मीठ बर्फ वितळवतं, रेती फक्त पकड देते. आपल्याला पकडच हवी, मीठ मारून दगड खराब करायला नको. पाऊस उघडला की रेती झाडून परत घमेल्यात, नाहीतर ती नालीत जाऊन बसते. आणि पायरीवरचा दिवा रात्रभर चालू ठेव. एलईडीला वीज ती किती लागते!

लोक तुला सांगतील, हात लावू नकोस, साफ केलंस आणि तरी कुणी पडलं तर गळ्यात येईल. हे इंदूरचंच शहाणपण नाही. इंग्लंडमध्येही लोक याच भीतीने दारापुढचा बर्फ काढत नव्हते. तिथे फुटपाथ साफ करायची सक्ती घरमालकावर नाही. शेवटी सरकारलाच लोकांना सांगावं लागलं की नीट काळजी घेऊन साफ केलंत तर तुमच्यावर दावा होण्याची शक्यता फार कमी. सोबत हेही सांगितलं की गरम पाणी ओतू नका, ते गोठून आधीपेक्षा वाईट होतं. म्हणजे अर्धवट काम करू नये एवढाच त्याचा अर्थ, काम करू नये असा नाही. ब्लीचिंग टाकून तशीच सोडलेली पायरी ही न धुतलेल्या पायरीपेक्षा वाईट.

आणि आपली घाण सरकवून शेजाऱ्याच्या दारात नेऊ नकोस. पानं, चिखल, पाणी, सगळं उताराच्या दिशेने जातं, आणि उताराला जोशीकाकूंचं घर आहे. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांच्याकडे आता खराटा धरणारं कुणी नाही. त्यांची पायरी आपल्याबरोबरच घासून घे. व्हँकुव्हरमध्ये अशा म्हाताऱ्यांच्या दारचा बर्फ काढायला नगरपालिका स्वयंसेवक जोडून देते, फॉर्म भरावा लागतो. इथे फॉर्म नाही. बादलीत पावडर जरा जास्त कालवायची एवढंच. त्या चहा देतील, तो पिऊन ये, नाही म्हणू नकोस.

इतकं करूनही कुणी पडेल. पडलेल्याला दोन्ही दंडांना धरून खसकन उभं करायचं नाही, आपल्या लोकांना ती फार वाईट खोड आहे. आधी विचार, कुठे दुखतं. म्हातारं माणूस असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर खुब्याचं हाड समज. हलवू नकोस, अंगावर चादर घाल, डोक्यावर छत्री धर आणि १०८ ला फोन लाव. डोक्याला मार असेल आणि उलटी झाली तर बरं वाटतंय म्हणाला तरी दवाखान्यात पाठव. चूक कुणाची यावर त्या वेळी एक शब्द बोलायचा नाही, त्याच्याशीही नाही आणि बघ्यांशीही नाही. संध्याकाळी मात्र ती जागा बघायची, अंगठा दाबून. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारपूस करायची. कितीतरी भांडणं केवळ न विचारल्यामुळे वाढलेली मी बघितली आहेत.

भाडेकरारात एक ओळ घालून घे, की तळमजल्याचा पोह्यांचा गाळा ज्याच्याकडे आहे त्याने आपल्यापुढची जागा रोज रात्री धुवायची. कढईचं तेल, जलेबीचा पाक आणि चहाचा चोथा यांचा जो थर बसतो तो नुसत्या पाण्याने निघत नाही, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो. तोंडी सांगितलेलं तो दोन दिवस पाळेल. लिहिलेलं असेल तर दर महिन्याला भाडं देताना आठवण काढता येते. तरीही निगमच्या लेखी आणि रस्त्यावरच्या माणसाच्या लेखी मालक तूच, हे त्या ओळीने बदलत नाही. म्हणून रात्री कुलूप लावायच्या आधी एकदा खाली उतरून बघत जा.

यंदाची ब्लीचिंग पावडर मे महिन्याच्या शेवटी आण, लागेल तेवढीच. जिन्याखालच्या फडताळात मागच्या वर्षीची अर्धी पिशवी आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नकोस. पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो तो नुसता चुना.